पंचांची परीक्षा

'पांचामुखीं परमेश्वर' अशी आपल्याकडे म्हण आहे. चावडीवर किंवा पारावर बसून पांच शहाण्यांनीं दिलेला निवाडा हा देवाचाच निवाडा समजावा, असा तिचा भाव. परंतु हे पांच शहाणे आहेत हें ठरवावयाचें कोणीं, ह्याविषयीं ती म्हण कांहीं सांगत नाहीं. जुन्या गांवगाड्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. वय, कुळ, वतन आणि गांवांतील वजन ह्यांवरून पंच आपोआप ठरून जात. पण जेथें कोणी कोणाचें कुळ विचारीत नाहीं, जेथें दर चार वर्षांनीं खेळणारीं मुलें बदलतात, आणि जेथें न्याय मागणारे दोन पक्ष सायंकाळीं एकत्र जमून रात्रीं आपापल्या गांवीं परत जातात, तेथें पंच निवडावे कसे? अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांनीं आपल्या हायस्कुलांतील फुटबॉलपुरतें ह्या प्रश्नाचें जें उत्तर काढलें तें साधें व किंचित् गमतीचें आहे. मुलांना परीक्षा असते, तशी मुलांच्या खेळाचा न्याय करणाऱ्यांनाहि असावी, असें त्यांनीं ठरविलें. त्या परीक्षेचा व ती जिच्या पोटीं जन्मली त्या गरजेचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा येथें विचार आहे.

आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्यास फुटबॉल म्हणतों तो पायांचा खेळ. अमेरिकेंतील फुटबॉलांत चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो, व तो चेंडूहि वाटोळा नसून दोन्ही टोंकांस निमुळता असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी, व दोन गोल-रेषांमध्यें शंभर यार्डांचें अंतर. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. ह्या प्रत्येक प्रयत्नास 'डाउन' म्हणतात. दहा यार्ड साधले तर पुनः चार डाउन मिळतात. न साधले तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं होतो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाची गोल-रेषा गांठली म्हणजे 'टचडाउन' होऊन सहा गुण पदरांत पडतात. एकेक डाउन अवघ्या कांहीं सेकंदांचा; परंतु तेवढ्यांत बावीस तरुण देह एकमेकांवर आदळतात, आणि त्या झुंजींत कोणीं कोणास कोठें धरलें, कोणीं मागून पाडलें, चेंडू कोणत्या बिंदूवर थांबला, हें पंचांस पाहावें लागतें. हायस्कुलांच्या मोठ्या सामन्यांत असे पंच बहुधा पांच असतात. म्हणजे आपल्या म्हणींतील संख्या तिकडेहि योगायोगानें बरोबर जुळली आहे.

ह्या खेळाचा पहिला आंतर-महाविद्यालयीन सामना म्हणून ज्याची गणना होते, तो १८६९ सालच्या नोव्हेंबरच्या ६ तारखेस न्यू जर्सी संस्थानांतील न्यू ब्रन्सविक येथें रटगर्स व प्रिन्स्टन ह्यांच्यामध्यें झाला. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते, आणि रटगर्सनें ६ विरुद्ध ४ असा विजय मिळविला. त्या खेळांत चेंडू हातीं घेऊन धांवण्यास मुभा नव्हती. पुढें १८७४ सालीं हार्व्हर्ड व कॅनडांतील मॅक्गिल ह्यांच्यांत सामने झाले, आणि इंग्लंडांतील रग्बीच्या पद्धतीची गोडी हार्व्हर्डच्या विद्यार्थ्यांस लागली. १८७६ च्या नोव्हेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें हार्व्हर्ड, येल, प्रिन्स्टन व कोलंबिया ह्यांच्या प्रतिनिधींची बैठक भरली व रग्बीवर आधारलेले समान नियम ठरले.

त्या काळची न्यायपद्धति पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पक्ष आपला एक न्यायाधीश मैदानावर आणी, आणि ह्या दोघांचें जमलें नाहीं म्हणजे तंटा तिसऱ्या माणसाकडे सोंपविला जाई. रेफरी ह्या शब्दाचा मूळ अर्थच 'ज्याच्याकडे वाद सोंपवावयाचा तो' असा आहे. अंपायर हा शब्दहि जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा अर्थ 'जो कोणाचा जोडीदार नाहीं तो', म्हणजे त्रयस्थ, असा होतो. कल्पना उदात्त होती. दोन्ही पक्ष सभ्य गृहस्थांचे. तेव्हां त्यांचे न्यायाधीश सत्यास धरूनच बोलतील, असें गृहीत धरलेलें होतें. प्रत्यक्षांत ते दोघे न्यायाधीश लवकरच आपापल्या पक्षाचे वकील बनले. प्रत्येक प्रसंगीं वाद, आणि प्रत्येक वादाचा भार रेफरीच्या डोक्यावर! शेवटीं १८८५ च्या सुमारास हे पक्षीय न्यायाधीश काढून टाकून सर्व सत्ता एकट्या रेफरीकडे देण्यांत आली. पण एका माणसाचे दोन डोळे त्या गर्दीस पुरेनात. म्हणून थोड्याच वर्षांत अंपायर व १८९४ सालीं लाइन्समन असे दुसरे दोन अधिकारी त्याच्या मदतीस आले. इंग्लंडांतील फुटबॉलाची वाटहि अशीच झालेली आहे. तेथेंहि दोन पक्षांचे दोन अंपायर होते, आणि १८९१ सालीं रेफरीस मैदानांत उतरवून अखेरचा अधिकार त्याच्या हातीं द्यावा लागला.

दरम्यान खेळाचें स्वरूपच पालटलें होतें. येलच्या वॉल्टर कॅम्प ह्या गृहस्थाच्या आग्रहावरून १८८० सालीं गड्यांची संख्या अकरावर आली, आणि चेंडू एका ठरलेल्या रेषेवरून, एका पक्षाच्या निर्वेध ताब्यांतून, खेळांत आणण्याची रीति सुरू झाली. पण ताबा निर्वेध मिळाल्याबरोबर कांहीं चतुर संघ पुढें न सरकतां चेंडू नुसता उराशीं धरून अर्धा सामना काढूं लागले! ह्यावर उपाय म्हणून १८८२ सालीं असा नियम झाला कीं, तीन डाउनांत पांच यार्ड पुढें गेलें पाहिजे. हें अंतर मोजतां यावें म्हणून मैदानावर आडव्या रेषा ओढूं लागले. वरवर पाहतां ही एक लहानशी दुरुस्ती. परंतु पंचाच्या दृष्टीनें तिनें सर्व कांहीं बदललें. तोंपर्यंत त्याचें काम भांडण मिटविण्याचें होतें. आतां त्याच्याकडे मोजणी आली. कितवा डाउन, किती यार्ड, कोणत्या बिंदूपासून, हें त्यानें प्रत्येक क्षणीं जाणलें पाहिजे असें झालें. आणि जेथें मोजणी आली तेथें चूकहि आली. ह्या चुकीचें एक प्रसिद्ध उदाहरण पुढें येणारच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा खेळ अमेरिकेंत इतका रानटी झाला होता कीं, तो बंद करावा अशी मागणी होऊं लागली. गडी एकमेकांच्या हातांत हात गुंतवून एकाच ठिकाणीं तुटून पडत. शिरस्त्राण घालण्याची सक्ति नव्हती. आणि ढिगाऱ्याखालीं चालणारी ठोसाठोशी कोणास दिसत नसे. १९०५ च्या हंगामांत, त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं केलेल्या मोजणीप्रमाणें, सुमारें अठरा खेळाडू प्राणांस मुकले. त्यांत मोठ्या महाविद्यालयांचे खेळाडू थोडे. पुष्कळसे शाळकरी वयाचे होते. त्या वर्षीं ऑक्टोबरच्या ९ तारखेस राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याविषयीं समज दिली. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच शरदृतूंत हार्व्हर्डच्या नवागतांच्या संघांतून खेळत होता. डिसेंबरांत बासष्ट महाविद्यालयांच्या प्रतिनिधींची सभा न्यूयॉर्क येथें भरली, आणि तींतून जी संस्था निघाली तीच पुढें महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था म्हणून प्रसिद्धीस आली.

१९०६ सालीं नवे नियम झाले. चेंडू पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, त्यामुळें खेळ एके ठिकाणीं गोठून न राहतां मैदानभर पसरला. दोन्ही पक्षांच्या रांगांमध्यें चेंडूच्या लांबीइतकी मोकळी जागा ठेवण्यांत आली. पांच यार्डांचे दहा यार्ड झाले, व १९१२ सालीं तीन डाउनांचे चार झाले. ह्या सुधारणांनीं खेळ वांचला. मात्र नियमांचें पुस्तक जाड झालें. मनाई केलेल्या प्रत्येक कृत्यामागें तें कृत्य ओळखणारा, त्याचा दंड जाणणारा आणि तो दंड कोणत्या जागेपासून मोजावयाचा हें सांगणारा कोणीतरी मैदानावर हजर पाहिजे. मोठीं महाविद्यालयें नामांकित जुन्या खेळाडूंस बोलावून ही गरज भागवूं शकत. गांवोगांवच्या शाळांनीं काय करावें?

ह्या काळांत अमेरिकेंतील हायस्कुलांची संख्या झपाट्यानें वाढत होती, आणि प्रत्येक हायस्कुलास आपला फुटबॉल-संघ असावा असें वाटूं लागलें होतें. गांवचा सामना हा गांवचा उत्सव झाला. उत्सवाबरोबर पैसा आला, पैशाबरोबर शाळेबाहेरचे चालक आले, व मुलांच्या खेळावर शाळेचा ताबा राहील कीं नाहीं अशी भीति मुख्याध्यापकांस वाटूं लागली. १९२० च्या मे महिन्यांत इलिनॉय संस्थानांतील हायस्कूल-क्रीडा-संघाचे चिटणीस एल. डब्ल्यू. स्मिथ ह्यांनीं शेजारच्या संस्थानांतील प्रतिनिधींस शिकागो येथें बोलाविलें. तेथें जो विचार झाला त्यांतून पुढील वर्षीं इलिनॉय, आयोवा, मिशिगन व विस्कॉन्सिन ह्या चार संस्थानांचा संघ उभा राहिला, व १९२२ सालीं त्यानें राष्ट्रीय संघ हें नांव धारण केलें. आज संयुक्त संस्थानांतील सर्व संस्थानांचे शालेय क्रीडा-संघ ह्या राष्ट्रीय संघाचे घटक आहेत.

आरंभीं शाळा महाविद्यालयांचेच नियम वापरीत. परंतु वीस-बावीस वर्षांच्या धिप्पाड तरुणांकरितां केलेले नियम पंधरा वर्षांच्या मुलास जसेच्या तसे लावणें योग्य नव्हे, हें अनुभवानें कळून आलें. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत राष्ट्रीय संघानें हायस्कुलांसाठीं फुटबॉलची स्वतंत्र नियमावली तयार केली. ह्या कामांत एच. व्ही. पोर्टर ह्यांचा मोठा वांटा होता. हे गृहस्थ मूळचे इलिनॉयमधील शाळामास्तर. १९४० सालीं ते राष्ट्रीय संघाचे पूर्ण वेळाचे कार्यवाह झाले. नियमांचीं कलमें रचणारा हा माणूस फावल्या वेळीं कविताहि करी, आणि वसंताच्या तोंडावर बास्केटबॉलचे सामने सुरू झाले म्हणजे लोकांस जें वेड लागतें त्यास त्यानें १९३९ सालीं दिलेलें नांव आज साऱ्या अमेरिकेच्या तोंडीं आहे. कायद्याची भाषा रुक्ष असते खरी, पण ती लिहिणारा माणूस रुक्षच असला पाहिजे असें नाहीं.

सुमारें त्याच पिढींत आपल्याकडेहि असेंच काम चाललें होतें. खो-खोचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या अंगणांतून व देवळापुढील पटांगणांतून खेळला जात असे. त्याचे नियम लिहून काढण्याचा उपक्रम पुण्यास डेक्कन जिमखान्यांत १९१४ सालीं सुरू झाला. गांव सोडून दुसऱ्या गांवाशीं सामना खेळावयाचा झाला म्हणजे 'आमच्याकडे असें चालतें' हें म्हणणें पुरत नाहीं, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आला.

नियम झाले तरी ते जाणणारीं माणसें पाहिजेत. प्रत्येक संस्थानाच्या क्रीडा-संघानें हळूहळू पंचांची नोंदणी सुरू केली. ज्याचें नांव नोंदलेलें नाहीं त्यास सामन्यावर नेमावयाचें नाहीं, आणि ज्यास नियमांची परीक्षा देतां येत नाहीं त्याचें नांव नोंदावयाचें नाहीं, असा क्रम रूढ होत गेला. राष्ट्रीय संघाची नियम-समिति दरवर्षीं बसते, नियमांत फेरफार करते, आणि त्याबरोबर नवें पुस्तक निघतें. पुस्तकांत दहा प्रकरणें आहेत. पहिल्यांत मैदान, खेळाडू व साहित्य, दुसऱ्यांत व्याख्या, पुढें वेळ, चेंडूची जिवंत व मृत अवस्था, डाउनांची मालिका, लाथाडणें, फेंकणें, गुण, वर्तन आणि शेवटीं दंडाची अंमलबजावणी. ह्या पुस्तकास जोडून प्रसंगांचें दुसरें पुस्तक असतें. त्यांत 'असें असें घडलें तर निर्णय काय?' अशीं उदाहरणें उत्तरांसह दिलेलीं असतात. कायद्याच्या विद्यार्थ्यास संहिता आणि खटल्यांचे निवाडे हे दोन्ही लागतात, तसाच हा प्रकार.

परीक्षेचा सर्वपरिचित सांचा शंभर प्रश्नांचा आहे. एकेक विधान द्यावयाचें, आणि तें खरें कीं खोटें हें परीक्षार्थ्यानें सांगावयाचें. तिचे दोन भाग केलेले असतात. पहिला भाग पुष्कळ ठिकाणीं पुस्तक उघडें ठेवून सोडवितां येतो. कारण त्याचा हेतु माणसास पुस्तक उलगडावयास लावावें हाच असतो. दुसरा भाग पुस्तक मिटून, देखरेखीखालीं द्यावा लागतो. उत्तीर्ण होण्यास किती गुण लागावे हें प्रत्येक संस्थानाचा संघ ठरवितो, आणि कांहीं संघ आपली निराळी प्रश्नपत्रिकाहि काढतात. पूर्वी शाळेच्या वर्गांत लहान बाकांवर अवघडून बसलेले मोठमोठे गृहस्थ पेन्सिलीनें उत्तरें लिहीत. आतां हें काम बव्हंशीं संगणकावर होतें. ह्या परीक्षार्थींत कोणी शिक्षक, कोणी विम्याचा कारभारी, कोणी पोष्टांतील नोकर असतो. मानधन बेताचें असतें. त्यावर संसार चालविणारा हायस्कुलाचा पंच सहसा आढळावयाचा नाहीं.

खरें-खोटें म्हणजे सोपें, असें ज्यास वाटत असेल त्यानें एक उदाहरण पाहावें. एका संघानें चेंडू दूर लाथाडला. तो प्रतिपक्षाच्या गोल-रेषेपलीकडे गेला. तेथें प्रतिपक्षाच्या गड्यानें तो झेलला व तो बाहेर धांवत सुटला. ही धांव कायदेशीर कीं नाहीं? महाविद्यालयाच्या नियमांप्रमाणें ती कायदेशीर आहे. हायस्कुलाच्या नियमांप्रमाणें चेंडूनें गोल-रेषा ओलांडतांच तो मृत झाला. धांवणाऱ्याची सारी मेहनत फुकट. दुसरें उदाहरण झेलाचें. मैदानाच्या कडेला चेंडू झेलतांना एक पाऊल आंत टेकलें तर शाळेंत व महाविद्यालयांत तो झेल पुरा होतो. धंदेवाईक खेळांत दोन्ही पावलें टेकावीं लागतात. प्रेक्षक शनिवारीं महाविद्यालयाचा व रविवारीं धंदेवाईकांचा सामना दूरचित्रवाणीवर पाहतो, आणि शुक्रवारीं रात्रीं गांवच्या मैदानावर तेच नियम लावून पंचाच्या नांवानें ओरडतो. प्रेक्षकास परीक्षा नाहीं, हाच त्याचा मोठा फायदा! टेक्सास संस्थानांत मात्र हायस्कुलेंहि महाविद्यालयांच्याच नियमांवर खेळतात. म्हणजे एका संस्थानांत खरें असलेलें विधान शेजारच्या संस्थानांत खोटें ठरतें.

पंचाचीं बाह्य चिन्हें जीं आज आपण चित्रांत पाहतों तींहि अशाच व्यावहारिक अडचणींतून निर्माण झालीं आहेत. पूर्वी पंच पांढरा सदरा घालीत. मिशिगनमधील लॉइड ओल्ड्स ह्या पंचाच्या हातांत एका सामन्यांत एका गड्यानें आपला सोबती समजून चेंडू दिला. त्या संघाचाहि पोषाख पांढराच होता. तेव्हां ओल्ड्सनें १९२१ च्या सुमारास काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा शिवून घेतला. लोकांनीं प्रथम थट्टा केली. पुढें तोच पंचांचा गणवेष झाला. अपराध दिसतांच जमिनीवर टाकावयाचें फडकें ओहायो संस्थानांतील यंगस्टाउन येथील शिक्षक ड्वाइट बीडी ह्यांनीं सुचविलें व १९४१ च्या ऑक्टोबरांत एका सामन्यांत प्रथम वापरून पाहिलें. त्यापूर्वी पंच भोंगा वाजवीत, आणि गर्दीच्या गोंगाटांत तो कोणास ऐकूं येत नसे. तीं पहिलीं निशाणें बीडी ह्यांच्या पत्नीनें घरीं शिवलीं होतीं.

आतां मोजणीच्या त्या प्रसंगाकडे वळूं. हा सामना हायस्कुलांचा नव्हे, महाविद्यालयांचा; परंतु पंचगिरी शिकणाऱ्या प्रत्येकास तो माहीत असावा असा आहे. १९४० सालीं नोव्हेंबरच्या १६ तारखेस कॉर्नेल व डार्टमथ हे संघ हॅनोव्हर येथें खेळत होते. कॉर्नेल अठरा सामन्यांत अजिंक्य राहिलेला. डार्टमथकडे ३ गुण, कॉर्नेलकडे शून्य, आणि वेळ संपत आलेली. कॉर्नेलचे चार डाउन गोल-रेषेच्या अगदीं जवळ निष्फळ झाले. परंतु त्या गडबडींत, मध्यें झालेल्या एका दंडामुळें, रेफरी रेड फ्रीझेल ह्यांच्या मोजणींत घोटाळा झाला, व त्यांनीं चेंडू पुनः कॉर्नेलकडेच दिला. ह्या पांचव्या डाउनांत कॉर्नेलनें टचडाउन केला आणि सामना ७ विरुद्ध ३ असा जिंकला. फ्रीझेल हे नवशिके नव्हते. पूर्व अमेरिकेंतील नामांकित पंचांत त्यांची गणना होती. डाउन चार असतात हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें.

दुसऱ्या दिवसांत चित्रफीत तपासली गेली व चूक उघड झाली. फ्रीझेल ह्यांनीं ती लेखी कबूल केली. परंतु सामना संपल्यावर निकाल बदलण्याचा अधिकार पंचास नाहीं, आणि दुसऱ्या कोणासहि नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें प्रकरण मिटलेलें होतें. अशा वेळीं कॉर्नेलनें आपण होऊन डार्टमथला तार केली कीं, हा विजय आम्ही सोडतों. डार्टमथनें तो स्वीकारला, आणि त्या सामन्याची नोंद आजहि डार्टमथ ३, कॉर्नेल ० अशीच आहे. अजिंक्यपदाची माळ तुटली ती कॉर्नेलनें स्वतःच्या हातानें तोडली. पुढें पन्नास वर्षांनीं, १९९० च्या ऑक्टोबरांत, कोलोरॅडो व मिसूरी ह्यांच्या सामन्यांत हुबेहूब तशीच चूक झाली. कोलोरॅडोनें पांचव्या डाउनावर ३३ विरुद्ध ३१ असा विजय मिळविला, पंचांस कामावरून दूर ठेवण्यांत आलें, आणि कोलोरॅडोनें तो विजय ठेवून घेतला. कायदा दोन्ही वेळीं एकच होता. फरक पडला तो जिंकणाऱ्यांच्या मनांत.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, मग परीक्षेचा उपयोग काय? नामांकित पंच चार मोजण्यांत चुकतो, तर शंभर प्रश्नांचीं उत्तरें पाठ करून काय होणार? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परीक्षेंत माणूस शांतपणें बसलेला असतो; मैदानावर त्याच्या दहा पावलांवर शिक्षक ओरडत असतो, पाठीमागें दोन गांवें ओरडत असतात, आणि निर्णय एका क्षणांत द्यावयाचा असतो. म्हणूनच नव्या पंचास परीक्षेनंतर एकदम मोठ्या सामन्यावर पाठवीत नाहींत. तो प्रथम लहान मुलांच्या खेळावर जातो, अनुभवी पंचांच्या बरोबर उभा राहतो, व हंगामापूर्वीच्या वर्गांस हजेरी लावतो. पण मैदानावरचा धीर हा ज्ञानाच्या पोटींच जन्मास येतो. ज्याला नियमाची खात्री नाहीं तो गर्दीच्या आवाजाकडे कान देतो.

आणि कांहीं नियम असे आहेत कीं, त्यांचें अज्ञान कोणाच्या जिवावर बेतूं शकतें. १९६८ सालीं शाळा, महाविद्यालयें वगैरे सर्व मिळून छत्तीस तरुण ह्या खेळांतील प्रत्यक्ष आघातांनीं मरण पावले. कठीण शिरस्त्राण आल्यापासून मुलें डोकेंच हत्यारासारखें वापरूं लागलीं होतीं, आणि शिक्षकहि तसें शिकवीत होते. १९७६ सालीं हायस्कुलांनीं व महाविद्यालयांनीं डोकें पुढें करून धडक मारण्यास बंदी केली. शिरस्त्राणांचा दर्जाहि ठरवून देण्यांत आला. १९९० सालीं अशा प्रत्यक्ष आघातानें एकहि मृत्यु झाला नाहीं. ह्याचें श्रेय डॉक्टरांस, शिक्षकांस व शिरस्त्राणें करणारांस आहेच. परंतु तो नियम दर शुक्रवारीं रात्रीं अंमलांत आणणारा माणूस पंचच होता. २०१० सालीं हायस्कुलांच्या नियमांत असें घातलें गेलें कीं, मेंदूस धक्का बसल्याचीं लक्षणें ज्या खेळाडूंत दिसतील त्यास ताबडतोब खेळांतून बाहेर काढावें, व योग्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या संमतीवांचून त्यानें परत येऊं नये. येथें पंचाचें काम गुण मोजण्याचें राहिलें नाहीं. पडून उठलेल्या मुलाची नजर भिरभिरते आहे काय, तो भलत्याच संघाच्या रांगेंत जाऊन उभा राहिला काय, हें त्यानें पाहावयाचें आहे. त्या मुलाचे आईबाप बाकांवर बसलेले असतात. त्यांना इतक्या लांबून तें दिसत नाहीं.

ह्या मार्गानें वर गेलेल्यांत सेरा टॉमस ह्या बाईंचें नांव सांगण्याजोगें आहे. त्यांनीं मिसिसिपी संस्थानांत गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत शाळकरी सामन्यांवर पंचगिरी सुरू केली. २०१५ सालीं त्या धंदेवाईक फुटबॉलच्या राष्ट्रीय मंडळांत कायमच्या पंच झाल्या, आणि असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. लिखित परीक्षेचा एक गुण असा कीं, उत्तर लिहिणारा हात कोणाचा, हें ती पाहत नाहीं.

तथापि अलीकडे ह्या व्यवस्थेस एक नवीनच अडचण येऊं लागली आहे. परीक्षा घेणारे आहेत. परीक्षेस बसणारे कमी होत आहेत. राष्ट्रीय संघाच्या सांगण्याप्रमाणें २०१८-१९ नंतरच्या तीन-चार वर्षांत सर्व खेळांचे मिळून सुमारें पन्नास हजार हायस्कूल-पंच काम सोडून गेले. महामारी हें एक कारण झालें. परंतु त्याआधींपासूनच पुष्कळांनीं काम सोडण्याचें कारण म्हणून प्रेक्षकांची व पालकांची शिवीगाळ दाखविली आहे. पुष्कळ ठिकाणीं शुक्रवारच्या सर्व सामन्यांस पुरतील इतके पंचच मिळत नाहींत. म्हणून कांहीं सामने गुरुवारीं किंवा शनिवारीं ठेवावे लागतात. ज्या गांवानें शंभर वर्षांपूर्वी 'आम्हांस निःपक्ष व जाणता पंच द्या' म्हणून मागणी केली, त्याच गांवानें तो मिळाल्यावर त्यास पळवून लावावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आमच्या मतें ह्या इतिहासांतील बोध दुहेरी आहे. न्याय करणाराचें वजन त्याच्या कुळावर किंवा आवाजावर अवलंबून न ठेवतां त्याच्या ज्ञानावर ठेवावें, आणि तें ज्ञान दरवर्षीं पुनः तपासून घ्यावें, हा पहिला भाग. तो अमेरिकेंतील शाळांनीं चांगला साधला आहे, आणि आपल्याकडील कितीएक समित्यांस व मंडळांस त्याचा कित्ता गिरवितां येईल. दुसरा भाग परीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे. फ्रीझेल ह्यांनीं चूक केली व ती लिहून कबूल केली. कॉर्नेलच्या मुलांनीं जिंकलेला सामना परत केला. आणि आजचा गांवचा पंच शिव्या खाऊनहि पुढच्या शुक्रवारीं पट्ट्यांचा सदरा घालून मैदानावर येतो. ह्या तीन गोष्टींसाठीं कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत प्रश्न नाहीं. त्या परीक्षेस मात्र पंचांबरोबर खेळाडू, शिक्षक आणि बाकांवर बसलेलीं माणसें ह्या सर्वांसच बसावें लागतें.